भाकरीत लपवलेला लसूण

आमच्या घरी कुत्र्याला लसूण देत तो भाकरीत लपवून. नुसता पुढे टाकला तर कुत्रा हुंगून मान फिरवी. म्हणून आजी पाच-सहा पाकळ्या ठेचून घ्यायची, त्यांत गुळाचा खडा कालवायची, कालच्या भाकरीच्या कुस्करात तो गोळा दडवायची आणि वरून आमटी ओतायची. भुकेलेला कुत्रा सगळे चाटूनपुसून खाई. मग हात धुता धुता ती समाधानाने म्हणे, "गेलं पोटात. आता गोचीड बी गळतील आन् जंत बी पडतील." माणदेशातल्या त्या अंगणात मी हे किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही, पुढे पुढे तर पाकळ्या ठेचण्याचे काम माझ्याकडेच आले. आज साठी उलटून गेल्यावर त्या सगळ्यातली एकच गोष्ट मनात सलत राहिली आहे, ती म्हणजे त्या जनावराची फिरवलेली मान. ते नको म्हणत होते. त्याच्या नकाराला काही कारण असेल का, असे आम्हा कोणाला वाटले नाही. नकार चुकवायचा कसा, एवढेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलो होतो.

त्या कुत्र्याचे नाव टिप्या. एका पावसाळ्यात त्याच्या अंगावर गोचिडांची रास झाली. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली, जिथे हात लावावा तिथे फुगलेले गोचीड. आजीचा उपाय सुरू झाला. आठवडा गेला तरी गोचीड गळेनात, तेव्हा घरातल्या थोरांनी ठरवले की मात्रा कमी पडते आहे. पाच पाकळ्यांच्या जागी सबंध गड्डी जाऊ लागली. पंधरा दिवसांत टिप्या उठेनासा झाला. न्हाणीच्या ओलाव्याला पोट लावून तो पडून राही आणि काही न करता धापा टाकी. त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती. मी एकदा त्याच्या तोंडात हात घालून घास भरवायला गेलो तर आतली हिरडी चुन्यासारखी पांढरी दिसली, आणि ते पाहूनही मला काही कळले नाही. एका सकाळी तो बैलगाडीखाली मरून पडलेला सापडला. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. थोरले काका म्हणाले, त्याचे तेवढेच आयुष्य होते. तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना होता आणि आठवड्याच्या बाजाराला आमची गाडी तिथूनच जात असे, हे मात्र कोणी म्हणाले नाही.

टिप्या कशाने मेला, हे आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आणि माझ्या आजीला खुनी ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याची सगळी लक्षणे गोचीड तापाची होती. गोचिडांच्या चाव्यातून बॅबेसियासारखे सूक्ष्म जीव कुत्र्याच्या रक्तात शिरतात, तांबड्या पेशींत घर करतात आणि त्या फोडतात. पेशी फुटल्या की त्यांतला रंगद्रव्याचा भाग मूत्रावाटे बाहेर पडतो, हिरड्या पांढऱ्या होतात, श्वास लागतो. पुष्कळ वर्षांनी एका पशुवैद्याने मला जे सांगितले ते असे, की लसणाचा अपायही कुत्र्याच्या नेमक्या याच तांबड्या पेशींना होतो. म्हणजे रोगाने जी भिंत बाहेरून पोखरायला घेतली होती, तीच भिंत आम्ही औषध समजून आतून खणत होतो. खणणाऱ्यांत माझे हात होते. ते ऐकून मी घरी आलो आणि बराच वेळ कोणाशी बोललो नाही.

वाचकहो, ही गोष्ट विज्ञानाला काल-परवा कळलेली नाही. कांदा खाऊ घातल्याने कुत्र्यांना रक्तक्षय होतो, हे अमेरिकेतील डब्ल्यू. एच. सेब्रेल यांनी १९३० सालीच दाखवून दिले होते. कांदा आणि लसूण एकाच कुळातले. दोहोंत गंधकयुक्त संयुगे असतात. पाकळी ठेचली, चावली की त्यांतून तो उग्र दर्प सुटतो आणि ज्या गुणांसाठी आपण लसूण खातो तेही त्यांच्यामुळेच. कुत्र्याच्या शरीरात या संयुगांचे जे घटक तयार होतात ते तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला इजा करतात. इजा झालेले हिमोग्लोबिन पेशीच्या कडेला गोळा होऊन चिकटते. या गोळ्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्पष्ट दिसतात. अशी पेशी कमकुवत होते आणि शरीरच तिला मोडीत काढते. माणसाच्या पेशीत या हल्ल्याला तोंड देण्याची जी ताकद आहे ती कुत्र्याच्या पेशीत तेवढी नाही, आणि मांजराच्या पेशीत तर त्याहून कमी. आपण जे पचवतो ते त्याला पचत नाही, याचे कारण इतके साधे आहे.

२००० साली जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी हा प्रश्न नीट मोजून पाहिला. चार कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क दिला; मात्रा होती दर किलो वजनाला पाच ग्रॅम लसूण. दुसऱ्या चार कुत्र्यांना तो दिला नाही. लसूण मिळालेल्या कुत्र्यांच्या तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन घटत गेले, आणि सर्वांत कमी पातळी दिसली ती नवव्या ते अकराव्या दिवशी, म्हणजे लसूण थांबवल्यानंतर. पेशींत हाइन्झ बॉडीज आढळल्या. उघड रक्तक्षय त्या चौघांपैकी कोणालाही झाला नाही, हेही त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. आणि तरीही त्यांचा निष्कर्ष असा, की लसूण असलेले अन्न कुत्र्यांना देऊ नये. या प्रयोगातली दिवसांची मोजणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अपाय दिसतो तो घास दिल्यानंतर कित्येक दिवसांनी. सोमवारी लसूण दिला आणि पुढच्या गुरुवारी कुत्रा मलूल झाला, तर त्या दोहोंची सांगड आपण कशी घालणार? आपण दृष्ट काढतो, मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी ताकद यावी म्हणून आणखी दोन पाकळ्या ठेचतो.

मात्रेचा विचार टाळून चालणार नाही, कारण लसणाची बाजू घेणारे पहिला आधार तोच घेतात. दहा किलोच्या कुत्र्याला त्या प्रयोगाच्या हिशेबाने पन्नास ग्रॅम लसूण लागेल, म्हणजे गावठी लसणाच्या दोनेक गड्ड्या. तेवढा कोण देतो, असे ते म्हणतात. हिशेब खरा आहे. धडधाकट मोठ्या कुत्र्याने चुकून एखादी पाकळी गिळली तर घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही खरे आहे. टिप्याला आम्ही देत होतो तो लसूणसुद्धा त्याच्या वजनाच्या मानाने या प्रयोगाहून कमीच भरेल. पण आपण लसूण देतो तो कोणाला? ज्याला जंत झाले आहेत, ज्याच्या अंगावर गोचीड आहेत, जो आधीच खंगला आहे, त्याला. आणि देतो तो एकदा नव्हे, रोज. पुष्कळदा देतो तो पिल्लाला. दोन किलोच्या पिल्लाच्या बाबतीत तोच हिशेब दहा ग्रॅमवर येतो, म्हणजे लहानशा सात-आठ पाकळ्यांवर. ज्याच्या पोटात जंत झाले म्हणून रक्त आटले आहे, त्या पिल्लाला आपण मूठभर ठेचा चारतो आणि ते पांढरे पडले की म्हणतो, आईविना वाढलेले होते, जगणारच नव्हते. तराजू कोणाच्या घरी असतो? गड्डी लहान की मोठी, कुत्रा आठ किलोचा की अठरा, याचा विचार ओट्याशी उभे राहून कोणी केला आहे? अकिता, शिबा अशा काही जपानी जातींच्या कुत्र्यांत तर जन्मतःच पेशींची अशी घडण आढळते की त्यांना हा अपाय इतरांहून लवकर होतो. आपल्या दारच्या कुत्र्याच्या रक्ताची घडण आपल्यापैकी कोणी तपासून पाहिली आहे?

जपानमध्येच पुढे असेही दिसून आले की विशिष्ट पद्धतीने दीर्घकाळ जुनवलेल्या लसणाचा अर्क थोड्या, मोजलेल्या मात्रेत काही आठवडे दिला तर कुत्र्यांना अपाय झाला नाही. हे लपवण्याचे मला कारण नाही. परंतु तो अर्क आणि आपल्या खलबत्त्यातला लसूण या दोन वेगळ्या वस्तू आहेत; जुनवताना त्यातली उग्र संयुगे बदलून जातात. शिवाय अपाय न होणे निराळे आणि गुण येणे निराळे. लसणाने गोचीड गळतात, पिसवा पळतात, जंत पडतात, याला भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. ज्याचा लाभ सिद्ध नाही आणि ज्याची हानी सिद्ध आहे, अशी वस्तू आपण एका जिवाच्या पोटात त्याच्या मर्जीविरुद्ध घालतो. हाच व्यवहार कोणी आपल्या मुलाबाळांशी केला असता तर आपण त्याला काय म्हटले असते?

लसणाची थोरवी मला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. आपल्या वैद्यकाने त्याला रसोन म्हटले, म्हणजे सहा रसांपैकी एक आंबट रस तेवढा उणा असलेला. राहूच्या कापलेल्या कंठातून गळलेल्या अमृताच्या थेंबांतून तो उगवला अशी कथा आहे. मध्य आशियात कुचा येथे १८९० साली सापडलेल्या बॉवर हस्तलिखितातला वैद्यकाचा भाग लसणाच्या वर्णनानेच सुरू होतो. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हालिटो आणि बेली यांनी लसणातून अ‍ॅलिसिन वेगळे काढले आणि जंतूंवर त्याचा परिणाम होतो हे दाखवले. हे सारे खरे. पण ज्या वैद्यकाचा आपण अभिमान बाळगतो त्याचे पहिले पाऊल रोग्याची प्रकृती पाहणे हे आहे. वय पाहा, बल पाहा, अग्नी पाहा, मग औषध आणि त्याची मात्रा ठरवा, असे ते सांगते. आपण त्या शास्त्रातली वस्तू तेवढी उचलली आणि शास्त्र मागे ठेवले. माणसामाणसांतला प्रकृतिभेद मानणारे आपण, माणूस आणि कुत्रा यांच्यातला भेद मात्र घरातल्या डब्याशी उभे राहिलो की विसरतो. मला चालते म्हणून त्याला चालेल, ही समजूत आपल्याला प्रेमाची वाटते. तिच्यात त्या जिवाचा विचार कुठेच नाही. विचार आहे तो आपलाच.

आणि हे कोणत्या लोकांत चालते? ज्यांच्या खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे. ज्यांच्या दत्ताभोवती चार कुत्रे उभे आहेत आणि त्यांना वेद मानले जाते. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याची साथ सोडली नाही, ही कथा ज्यांना पाठ आहे, आणि कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, हे कीर्तनात ऐकून ज्यांचे डोळे भरून येतात. त्या कथेतले खरे काय? कोरडी भाकरी त्याच्या पोटाला बाधेल, अशी काळजी नामदेवांना वाटली. आपल्या घासाने त्या जिवाचे काय होईल हे त्यांच्या मनात आले. आपण वाटी उचलली, काळजी टाकून दिली. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला कांदा-वांग्याचा चातुर्मास सुटतो. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, ताटात पातीचा कांदा आणि लसूण असतो, आणि अनेक घरांत देवाचा सोबती म्हणून कुत्र्यालाही त्यातला घास ठेवतात. वर्षातून एका दिवसाच्या त्या घासाने कुत्रा मरतो असे मी म्हणत नाही. पण रोडगा नुसता देता येतो, त्यासाठी देवाची परवानगी लागत नाही, एवढे तरी आपल्या ध्यानात यायला हवे होते. रविवारच्या रश्श्याचे काय? कांदा-लसणाच्या वाटणात शिजलेली हाडे आणि भांड्याच्या तळाचा मसाला आपण दर आठवड्याला कुत्र्याच्या थाळीत ओततो. शिजवल्याने हा दोष जात नाही. आपण त्याला उष्टे देतो आणि त्याला दान म्हणतो.

खेड्याकडे बोट दाखवून शहरातल्या वाचकांनी सुटका करून घेऊ नये. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. दवाखान्यापर्यंत जाण्याची तिला सवय नव्हती आणि बाईमाणसाला विचारतो कोण, अशा काळात ती जगली. आज पुण्या-मुंबईच्या सदनिकांत मोठी किंमत मोजून आणलेल्या कुत्र्याला लसणाची पूड चारणारी जी मंडळी आहेत त्यांच्यापाशी कोणते निमित्त आहे? त्यांच्या हातात जगभरचे ज्ञान दाखवणारा मोबाइल आहे, आणि त्यावर ते पाहतात कोणी तरी केलेली 'नैसर्गिक उपचारां'ची चित्रफीत. गोचिडांवरची गोळी रसायन म्हणून नको आणि लसूण निसर्गाचा म्हणून हवा. जणू धोतरा निसर्गाचा नाही, कण्हेर निसर्गाची नाही. वाळवलेल्या पुडीत पाणी उरत नाही, म्हणून एक चमचा पूड म्हणजे कितीतरी ओल्या पाकळ्या, हा साधा हिशेबही कोणी करत नाही. शिक्षणाने आपली भाषा बदलली. परंपरेच्या जागी निसर्ग हा शब्द आला. विचारल्यावाचून विश्वास ठेवण्याची सवय होती तिथेच आहे, आणि अशिक्षितापेक्षा सुशिक्षिताचा दोष मला यात मोठा वाटतो.

या आंधळेपणाचे मूळ मी बरेच दिवस शोधत होतो. आपले घरगुती उपाय सर्वांत जास्त कोणावर चालतात ते पाहा. जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर. बोलणाऱ्या माणसाला औषध बाधले तर तो दुसऱ्या दिवशी सांगतो, भांडतो, वैद्य बदलतो; त्यामुळे उपायाची परीक्षा होत राहते. तान्ही मुले, गुरे, कुत्री यांच्यावरचा उपाय कधीच नापास होत नाही. जीव वाचला तर उपायाचे यश, गेला तर त्याचे नशीब. मुंबईच्या गिरण्यांत बाया कामाला जात त्या काळी तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी अफूची बाळागोळी देत. देणारी आईच असे, आणि मायेनेच देई. पाळीला जायचे होते आणि मूल रडत होते. कित्येक मुले त्या गुंगीत खंगली. आज कोणती मराठी आई मुलाला अफू देते? ती रूढी गेली. ज्यांनी ती मोडली त्यांना आधी कोणी तरी सांगितले होते की तुमची माया खरी आहे आणि तुमची गोळी विषारी आहे. दोन्ही वाक्ये एका दमात ऐकून घेण्याइतक्या त्या आया मोठ्या मनाच्या निघाल्या. कुत्र्याच्या बाबतीत आपण त्यांच्याहून लहान मनाचे का ठरावे?

दया आपल्याकडे कमी नाही. १८३२ सालच्या जून महिन्यात कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणला, तेव्हा मुंबईत दंगा झाला. पारशी मंडळी पुढे होती, इतर समाजांतले लोकही त्यांच्याबरोबर होते. बाजार बंद पडले, सैन्य बोलवावे लागले. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी राज्यकर्त्यांशी भिडणारी शहरे जगात किती असतील? त्याच मुंबईत परळला पुढे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे दयाही होती आणि विद्याही आली. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ती विद्या परळहून आपल्या ओट्यापर्यंत का पोहोचली नाही? तिने यायचे आणि आपण दार उघडायचे, अशी दोन कामे होती. पशुवैद्याला आपण ढोरांचा डॉक्टर म्हणून हिणवले, गाय आटली तरच त्याला बोलावले, आणि कुत्र्यासाठी त्याच्या दारी जाणाऱ्याला हसलो. मीही हसलो आहे.

कायदा या बाबतीत आपल्याला जागे करील अशी आशा नको. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला जाणूनबुजून आणि अकारण अपायकारक औषध किंवा पदार्थ देणे हा गुन्हा मानला आहे, आणि त्या कलमाखालच्या पहिल्या अपराधाला दंड ठेवला आहे दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. दंडाची रक्कम वाचून लाज वाटते, पण माझा मुद्दा तो नाही. आपण जाणूनबुजून करतच नाही. आपण मायेने करतो. त्यामुळे कोणतेही न्यायालय आपल्याला बोलावणार नाही. जाणून न घेण्याची सोय आपण स्वतःच करून ठेवली आहे आणि तिच्या आडोशाला निरपराध म्हणून उभे आहोत. लूत भरलेल्या कुत्र्याच्या अंगाला इंजिनाचे जळके तेल फासणारे, गोचिडांवर शेतातली कीटकनाशक पूड चोळणारे, ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी त्याच्या घशात सारणारे, असे आपण सगळेच या आडोशाला आहोत. तेलाने कातडी भाजते, पूड तो चाटतो, गोळी यकृतावर आणि रक्तावर उठते. यांतले एकही काम आपण द्वेषाने केलेले नाही.

गोचिडांवर आज खात्रीची औषधे आहेत. मानेवर सोडण्याचे थेंब आहेत, पोटात देण्याच्या गोळ्या आहेत. जंतांवरच्या गोळ्या वजन पाहून देतात आणि त्या साध्या औषधाच्या दुकानातही मिळतात. मात्र कोणती आणि किती, हे पशुवैद्याला विचारून. गोचीड ताप रक्ताच्या तपासणीत सापडतो आणि वेळेवर सापडला तर बरा होतो. टिप्याच्या वेळी यांतले काही नव्हते असे म्हणून मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली. पण विचारणे तेव्हाही होते. बाजाराच्या दिवशी गाडी दवाखान्यावरूनच जात होती, आणि तिथल्या माणसाला एक शब्द विचारायला पैसे पडत नव्हते.

तुमच्या दारी कुत्रा असेल तर आज त्याच्यासाठी एवढे करा. त्याच्या थाळीत भाकरी घाला ती वाटणाची, रश्श्याची नको. ताक-भाकरी, नुसता भात, बिनमसाल्याचे उकडलेले काही चालेल. मग त्याला जवळ घ्या आणि अंगठ्याने त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. काहींची जन्मतःच काळी असते, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. बोटाने हिरडी दाबून सोडली तर ती क्षणभर पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंगावर येते. हे मला माझ्या आठव्या वर्षी कोणी शिकवले नाही. तुमच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला तुम्ही शिकवा. हिरडी फिकट दिसली, लघवी काळपट झाली, कुत्रा पडून धापा टाकू लागला, तर खलबत्त्याला हात लावू नका आणि उद्याची वाट पाहू नका. त्याला उचला आणि दवाखान्यात न्या, आणि गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या पोटात काय काय घातले ते डॉक्टरांना खरे खरे सांगा.